पडण्याची धास्ती

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय ७४. तीन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात पहाटे मोरीत पाय घसरून पडले. चिरंजीवांनी लगोलग रिक्षातून दवाखान्यात आणले. खुब्याला मुका मार होता, कोपर सोलवटले होते, एवढेच. क्ष-किरण फोटो काढला, हाड शाबूत होते. मी मलम दिले, दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या आणि सवयीने म्हणालो, "आता वय झालं गुरुजी. सांभाळून राहा. थोडे दिवस विश्रांती घ्या." या वाक्याने केवढे नुकसान केले, ते मला सहा महिन्यांनी कळले.

माघात साध्या तापासाठी त्यांच्या घरी जावे लागले. गुरुजी माजघरातल्या खाटेवर पडून होते. जेवण खाटेवर, चहा खाटेवर. मोरीपर्यंत जायचे तर एका दंडाला पत्नी आणि दुसऱ्या दंडाला सून. वास्तविक हा मनुष्य रोज सकाळी मारुतीच्या देवळात, तिथून वाचनालयात आणि संध्याकाळी पारावर. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यांनी लिहून दिलेले. ताप तपासून झाल्यावर मी विचारले, "गुरुजी, हल्ली दिसत नाही कुठं?"

"पाऊल धजत नाही हो, डॉक्टर."

पत्नी म्हणाल्या, "हे उठायला लागले की माझ्याच छातीत धडधडतं. मीच म्हणते, बसा, मी देते आणून."

चिरंजीव दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "तुम्हीच विश्रांती सांगितली होती ना, डॉक्टरसाहेब?"

त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. गुरुजींचे हाड मोडले नव्हते, रक्तदाब-साखर आटोक्यात होती, आणि तरीही घरातला एक धडधाकट माणूस सहा महिन्यांत अंथरुणाला खिळला होता. हा लेख त्या प्रसंगातून मी जे शिकलो त्याविषयी आहे.

भीती हाही एक आजारच

म्हातारपणी पडणे ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी ७५ वर्षे व त्यापुढच्या ३३६ जणांचा वर्षभर मागोवा घेतला आणि १९८८ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. शंभरातले ३२ जण त्या वर्षात निदान एकदा तरी पडले होते. म्हणजे साधारण तिघांतला एक. पारावर बसणारे आपले दहाबारा जण मोजा आणि हिशेब करा.

टिनेटीबाईंचे मला अधिक मोलाचे वाटणारे काम मात्र पुढचे आहे. १९९० साली त्यांनी दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. अंघोळ करणे, कपाटातली वस्तू काढणे, खुर्चीतून उठणे, कपडे घालणे, किरकोळ खरेदी करणे, अशी रोजची कामे न पडता करता येतील याचा तुम्हाला भरवसा किती, एवढेच तीत विचारले आहे. किती वेळा पडलात, हे विचारलेलेच नाही. कारण माणसाचे हिंडणेफिरणे जितके त्याच्या पायांवर अवलंबून असते, तितकेच पायांवरच्या भरवशावरही असते.

हे चक्र कसे फिरते पाहा. माणूस एकदा पडतो. धास्ती घेतो. म्हणून हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, तोल सांभाळण्याची सवय सुटते आणि मग खरोखरच पुन्हा पडण्याची वेळ येते. पडल्यावर घरचे म्हणतात, "बघा, सांगत होतो ना!" काही जण तर स्वतः कधीच पडलेले नसतात. शेजारच्या आजींचा खुबा मोडला एवढे ऐकूनच त्यांनी हाय खाल्लेली असते.

या धास्तीबरोबर माणसेही तुटत जातात, आणि तेही हप्त्याहप्त्याने. आधी पहाटेची काकड आरती सुटते, कारण अंधार. मग भजनी मंडळ सुटते, कारण पायऱ्या. मग लग्नकार्य, कारण गर्दी. दोनचारदा नाही म्हटले की लोक बोलावणेही सोडून देतात. मग दिवसभर दूरदर्शन संच आणि भिंतीवरचे घड्याळ. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे दिली आहेत. त्यांत शारीरिक हालचालीचा अभाव आणि एकलेपणा ही दोन्ही आहेत. कमी ऐकू येणे आणि कमी दिसणे हीसुद्धा आहेत. ही चारही कारणे एकाच माजघरात, एकाच खाटेवर सापडतात.

खाटेवरचे दहा दिवस

'पडून राहा, बरे वाटेल' हा सल्ला तरुणाला एक वेळ चालेल. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या अकरा निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले. खाणेपिणे व्यवस्थित, आजार काही नाही. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस झडले. गुरुजी दहा दिवस नव्हे, सहा महिने खाटेवर होते. मी पांघरूण बाजूला करून त्यांच्या पोटऱ्या पाहिल्या, तेव्हा हा हिशेब मला डोळ्यांनी दिसला.

मात्र याच्या उलट बाजूचा पुरावाही तितकाच पक्का आहे. बॉस्टनच्या एका वृद्ध-रुग्णालयात डॉ. मारिया फियाटारोन यांनी सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पूर्वीच्या अडीचपटीहून अधिक झाली. १९९० साली हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा पुष्कळ डॉक्टरांचा विश्वास बसेना. स्नायूला माणसाचे वय कळत नाही, त्याला फक्त काम कळते, असे मी तेव्हापासून म्हणतो. (माझे हे वाक्य शास्त्रशुद्ध नाही, पण कामाला येते.)

व्यायामाने पडणे खरोखर कमी होते का, हेही तपासून झाले आहे. २०१९ साली जगभरच्या १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. तेवीस हजारांवर वृद्ध त्यांत होते. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी भरले. त्यातही नुसत्या चालण्यापेक्षा तोल सांभाळण्याचे आणि उठबशीसारखे रोजच्या कामाचे व्यायाम गुणकारी ठरले. "मी रोज चालतो की" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चालणे चांगलेच आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

आधी परीक्षा

घरीच करण्याजोगी एक परीक्षा सांगतो. साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मागे सरकणार नाही. खुर्चीच्या मध्यावर बसा. हातांची छातीवर घडी घाला. दुसऱ्याने घड्याळ धरावे आणि जवळ उभे राहावे. तीस सेकंदांत पूर्ण ताठ उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा जमते ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांना निदान १२ वेळा, स्त्रियांना ११ वेळा जमावे. ७० ते ७४ मध्ये पुरुषांना १२, स्त्रियांना १०. ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०. ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. याहून कमी आकडा आल्यास पडण्याचा धोका आहे असे समजावे. हात टेकून उठावे लागले तर गुण शून्य. गुरुजींना शून्य मिळाला. आयुष्यभर इतरांना गुण देणाऱ्या माणसाला तो फार लागला, आणि माझ्या मते औषधापेक्षा त्याचाच उपयोग अधिक झाला.

व्यायामाआधी मी आणखी एक गोष्ट केली, जी श्रावणातच करायला हवी होती. गुरुजींना पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब घेतला, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घेतला. वरचा आकडा १४६ वरून ११८ वर आला. उभे राहिल्यावर हा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी दोन्ही ते रात्री घेत, आणि पहाटे लघवीसाठी ताडकन उठत. मोरीची फरशी ओली होती हे खरे, पण पाय तिथवर जाण्याआधीच त्यांचा तोल गेलेला होता. गोळ्यांच्या वेळा आणि प्रमाण बदलले. उठताना आधी खाटेच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसायचे, पावले वरखाली हलवायची, मग उभे राहायचे, असे ठरवून दिले.

झोपेच्या गोळ्यांबाबत विशेष सावध राहावे. टिनेटीबाईंच्या पाहणीतही शामक औषधे घेणाऱ्यांना पडण्याचा धोका मोठा आढळला होता. मात्र वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी वाचकांनी हा लेख वाचून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. सगळी औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतावीत आणि "यातली कोणती अजून लागते?" असे विचारावे.

डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहण्याचे दिवस गेले. इंग्लंडमध्ये सत्तरीपुढच्या स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केल्याने पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले. दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणाऱ्यांनी जिना उतरताना मान खाली वाकवून वरच्या भिंगातून पाहावे, कारण खालच्या भिंगातून पायरी पुसट दिसते.

ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांचे हल्ली फार पेव फुटले आहे. रक्तात कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावे. पण ऑस्ट्रेलियात सत्तर वर्षांपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटांचा डोस दिला, तेव्हा त्यांचे पडणे उलट १५ टक्क्यांनी वाढले, असे २०१० साली दिसून आले. जास्त म्हणजे चांगले, हा नियम औषधांना लागू नाही.

गुरुजींचा अभ्यासक्रम

पहिल्या आठवड्यात फक्त उठबस. खाटेच्या कडेवरून, हात टेकून, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच वेळा. खाट उंच असल्याने हे सोपे जाते. दुसऱ्या आठवड्यात भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, एकच हात टेकून. नंतर हात छातीवर. दहा वेळा सहज जमू लागले की दोन मिनिटे थांबून आणखी दहा.

त्याच्या जोडीला स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभे राहायचे आणि टाचा उचलून चवड्यांवर यायचे, सावकाश खाली यायचे. मग एक पाय दुसऱ्याच्या पुढे, टाचेला अंगठा चिकटवून दहा सेकंद थांबायचे. जमले की ओट्यावरचा एक हात काढायचा, मग दुसरा. शेवटी एका पायावर उभे राहणे. घरचे कोणीतरी शेजारी हवे, पण हात धरून नव्हे. तोल थोडासा डगमगला पाहिजे, तरच शरीर तो सावरायला शिकते. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, तोलाचे रोज. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपून पडला असाल, नुकताच अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे आणि मगच सुरुवात करावी.

एक आपल्याकडची गोष्ट. जमिनीवर मांडी घालून जेवणारा माणूस दिवसातून दोनदा तरी सर्व अंगाचा व्यायाम करत असे. घरोघरी डायनिंग टेबल आले, अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांचीही जमिनीवर बसण्याची सवय मोडली. गुडघे कामातून गेले असतील त्यांना मी आग्रह करत नाही. इतरांनी निदान पूजेला किंवा पोथीला पाटावर बसण्याचे सोडू नये.

पोटात पुरेसे पडले नाही, तर व्यायाम वाया जातो. साठीनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला साधारण ५५ ते ६९ ग्रॅम. आपल्याकडे दात गेले की माणूस भात-ताक, चहा-बिस्किटे यांवर येतो आणि घरचे म्हणतात, "त्यांना झेपत नाही आता." घट्ट वरणाची वाटी, उसळ मऊ शिजवून, दूध-दही, चालत असेल त्यांना अंडे, भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे कुटून, असे प्रत्येक खाण्यात काही ना काही असावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

घरात करायच्या गोष्टी थोड्या आणि स्वस्त आहेत. मोरीत कठडा, खरखरीत फरशी, खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर मंद दिवा. सैल सपाता टाकून द्याव्यात, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. पायपुसणे सरकणारे नको. काठी घेण्यात कमीपणा मानू नये.

घरच्या मंडळींना एक विनंती

पन्नाशीतले मुलगे-सुना हा लेख वाचत असतील, तर त्यांच्याशी दोन शब्द. वडिलांच्या हातातून पाण्याचा तांब्या काढून घेणे ही माया आहे, पण ती महागात पडते. "बसा, आम्ही करतो" हे दिवसातून दहा वेळा ऐकले की माणसाला आपण निकामी झालो असे वाटू लागते. त्यांना काम द्या. भाजी निवडणे नव्हे, ते बसूनच होते. दूध आणणे, झाडांना पाणी घालणे, नातवाला कोपऱ्यापर्यंत सोडणे, वीजबिल भरणे, असे काम द्या. महर्षी कर्वे १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, परदेशाच्या दौऱ्यावर निघाले आणि १९४४ साली, ८६व्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला. त्यांना त्या वयात कोणी "बसा" म्हटले असेल, तर त्यांनी ऐकलेले दिसत नाही.

ऐकू कमी येत असेल तर यंत्र घ्यावे. चारचौघांतले बोलणे कळेना झाले की माणूस चारचौघांत जाणेच टाळतो. महाराष्ट्रात २०२२ सालापासून ७५ वर्षांपुढच्यांना एस. टी.चा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वर्षांपर्यंत अर्धे तिकीट. त्याचा लाभ घेऊन बहिणीकडे, जुन्या मित्राकडे जाऊन यावे. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालावे. एकटे राहणाऱ्यांना अडचण आली तर १४५६७ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे.

पडलाच तर

घाईने उठू नये. श्वास घ्यावा, कुठे दुखते ते पाहावे. खुब्यात कळ येऊन पायावर भार टाकता येत नसेल, पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलू नये, मदत बोलवावी. खुब्याचे हाड मोडल्यास "या वयात शस्त्रक्रिया कशाला?" असे म्हणत घरी ठेवू नये. शक्य तर दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून माणसाला चालते करणे हेच सुरक्षित. २०२४ सालापासून सत्तर वर्षांपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड काढता येते, ते आधीच काढून ठेवावे. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी दाखवून यावे. डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे काही आठवड्यांनीही उद्भवू शकतात.

काही मोडले नसेल, तर एका कुशीवर वळावे. कोपरावर रेलून दोन्ही हात आणि गुडघे टेकावेत, लहान मूल रांगते तसे. रांगत खुर्चीपर्यंत किंवा खाटेपर्यंत जावे. दोन्ही हात तिच्यावर ठेवावेत, चांगला पाय पुढे घेऊन पाऊल जमिनीवर टेकवावे आणि जोर देऊन उठून वळून बसावे. हे कोणी सोबत असताना सतरंजीवर दहापाच वेळा करून पाहावे. पडल्यावर आपल्याला उठता येते, हे एकदा कळले की निम्मी भीती तिथेच जाते. गुरुजींकडून मी हे शेवटी करवून घेतले. पत्नी पदराने डोळे पुसत होत्या आणि नातू टाळ्या वाजवत होता.

चैत्रात गुरुजी उंबरठ्याबाहेर आले, पहिल्या दिवशी फक्त अंगणातल्या तुळशीपर्यंत. वैशाखात मारुतीचे देऊळ. वाचनालयाच्या सात पायऱ्या चढायला ज्येष्ठ उजाडला. दरम्यान खुर्चीची परीक्षा त्यांनी स्वतःच दर रविवारी घेऊन वहीत गुण मांडले होते. शून्य, शून्य, दोन, चार, सात, सात, नऊ. अकरावर आले तेव्हा वही दाखवायला दवाखान्यात आले, काठी टेकत, एकटे.

गेल्या दिवाळीत ते पुन्हा पडले. अंगणात रांगोळी चुकवून पाय टाकायला गेले आणि तोल गेला. घरात कोणी नव्हते, सगळी मंडळी बाजारात. गुरुजी कुशीवर वळले, रांगत ओट्यापर्यंत गेले, उठून बसले, हात झटकले. चिरंजीव परतल्यावर त्यांना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाचनालयात मात्र त्यांनी ही हकीकत सर्वांना दोनदा सांगितली, आणि तिथल्याच कोणीतरी ती मला.